पुडी, काढा आणि शुगरच्या गोळ्या: सोबत चालतील का?

प्रश्न: मी पुण्यात आहे. माझे वडील 64 वर्षांचे आहेत, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात शेती करतात. आठ वर्षांपासून शुगर आहे, बीपी आहे, गुडघे दुखतात. शुगरसाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा आणि बीपीसाठी सकाळी टेल्मिसार्टन सुरू आहे. श्रावणापासून ते रोज अनशापोटी कारल्याचा रस आणि निंबावरच्या गुळवेलीचा काढा घेतात. मध्ये एका उपासाच्या दिवशी वावरात घामाघूम होऊन खाली बसले, साखर खाल्ल्यावर बरं वाटलं. दिवाळीनंतर आठवडी बाजारातल्या एका जाणकाराची पुडी सुरू केली. चार दिवसांत गुडघे मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा भरला. पण परवा उपाशीपोटी शुगर 286 आली. आधी ती 150 च्या आसपास असायची. ते म्हणतात, ‘आता गोयाच बंद करतो. गांधीबाबानं कुठं गोया खाल्ल्या होत्या?’ आयुर्वेद आणि ॲलोपॅथी सोबत चालते का? गोळ्या बंद कराव्या का?

उत्तर: आधी पुडीचं. बाकी गोष्टी पुढच्या महिन्यात ठरवल्या तरी चालतील, ही याच आठवड्यातली आहे.

चार दिवसांत गुडघे मोकळे, भूक जास्त, चेहरा भरलेला आणि शुगर जवळपास दुप्पट. हे चारही एकत्र ऐकलं की फिजिशियनच्या मनात पहिली शंका स्टेरॉइडची येते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन या गोळ्या स्वस्त असतात, बारीक असतात, आणि कुटून चूर्णात मिसळल्या की डोळ्याला दिसत नाहीत. काही जण वरून डायक्लोफेनॅकही घालतात. पुडी न तपासता खात्रीने सांगता येत नाही, हे मान्य. पण झिजलेला गुडघा चार दिवसांत मोकळा करणारं चूर्ण मला माहीत नाही, आणि आमच्या दवाखान्यात शेजारच्या खोलीत बसणाऱ्या वैद्यांनाही माहीत नाही.

तरी ‘पुडी आजच फेकून द्या’ असं मी सांगणार नाही, आणि हे नीट लक्षात घ्या. स्टेरॉइड तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस पोटात जात असेल तर मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. बाहेरून येतंय म्हटल्यावर शरीर घरचं बनवत नाही. मग पुडी एकदम बंद केली तर अंगातलं बळ गेल्यासारखं होतं, उलट्या होतात, बीपी पडतो, माणूस उभ्याचा आडवा होतो. म्हणून बाबांना दोन दिवसांच्या आत फिजिशियनकडे न्या. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्या किंवा जवळ जो कोणी असेल त्याच्याकडे. उरलेल्या पुड्या कागदासकट सोबत घ्या. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे या ग्रंथींनी बनवलेलं घरचं स्टेरॉइड, तपासलं की ग्रंथी कितपत झोपल्या आहेत त्याचा अंदाज येतो. गरज असेल तर डॉक्टर मोजून-मापून प्रेडनिसोलोन देतील आणि हळूहळू उतरवतील. तोवर शुगरसाठी काही आठवडे इन्सुलिन लागलं तर घाबरू नका. ‘इन्सुलिन लागलं म्हणजे शेवटची पायरी’ हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, आणि तो चुकीचा आहे. यादरम्यान उलट्या सुरू झाल्या, चक्कर येऊन पडले, किंवा फार झोपाळल्यासारखे झाले तर वाट न पाहता 108 ला फोन करा.

बाबांवर रागावू नका. पुडी घेणारी माणसं भोळी किंवा अडाणी असतात असं मला वाटत नाही. माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या. गोल झालेला चेहरा, मानेमागे चरबीचा उंचवटा, आणि पऱ्हाटीच्या काड्या लागून दोन्ही हातांवर जांभळे डाग. कापूस वेचताना ओरखडे सगळ्यांनाच पडतात, पण असे डाग पडत नाहीत. स्टेरॉइडने कातडी कागदासारखी पातळ होते तेव्हा पडतात. विचारलं तर म्हणाल्या, ‘मॅडम, पुडी घेतली का वावरात जाता येते, नाही घेतली का खाटीवर.’ वेचणीची मजुरी किलोवर मिळते. हंगामात आठ दिवस खाटेवर काढले तर वर्षाचा हिशोब बिघडतो. त्यांनी त्यांच्यापुरता विचार करूनच ती निवड केली होती. फक्त त्या निवडीची खरी किंमत त्यांना कोणी सांगितली नव्हती. आणि आमच्या सरकारी रांगेत त्यांना दोन मिनिटांत कॅल्शियमची पट्टी देऊन वाटेला लावलं गेलं असेल, तर त्या बाजारातल्या माणसाकडे का गेल्या हे विचारायचा आम्हाला काय अधिकार?

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन्ही सोबत चालतं का? चालतं. मी ते रोज चालवते. पण एक गोष्ट मनातून काढून टाकावी लागते: गोळी म्हणजे केमिकल, आणि पाला-मुळी म्हणजे निसर्ग, त्याचा काय त्रास होणार? जे लागू पडतं ते औषध आहे, मग ते पट्टीतून येवो की पाट्यावरून. आणि औषध आहे म्हटलं की त्याचा डोस आला, दुसऱ्या औषधाशी होणारी बेरीज आली आणि त्रासही आला.

सर्पगंधा घ्या. आपल्याकडे ती शतकानुशतकं वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात तिच्याबद्दल लिहिलं आणि साऱ्या जगाला कळलं की या मुळीने बीपी खरोखर उतरतो. 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि काही वर्षं ते बीपीचं मोठं औषध होतं. मग कळलं की जास्त डोसमध्ये काही जणांना त्याने गाढ उदासी येते, नाक चोंदतं, हातपाय जड होतात. मुळी तीच होती, गुण तिचा आणि दोषही तिचाच. उलट बाजूने पाहा. बाबा ज्या मेटफॉर्मिनला ‘केमिकल’ म्हणतात त्याचा उगम युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका झुडपात आहे. तिकडचे लोक जुन्या काळी ते झुडूप वापरत, त्यातल्या द्रव्यावरून पुढे हा गोळ्यांचा वर्ग तयार झाला, आणि 1957 मध्ये फ्रान्समध्ये ते मधुमेहासाठी पुढे आणलं गेलं. तेव्हा वनस्पती विरुद्ध केमिकल या भांडणात फारसा अर्थ नाही. किती, कशासोबत, कोणाला, हे विचारायचं.

श्रावणातला तो घाम याच बेरजेचा आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. कारल्याचा रसही शुगर थोडी उतरवतो. त्यात उपास, आणि त्यात वावरातलं काम. अशा वेळी शुगर 70 च्या खाली जाते: घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यापुढे अंधार, कधी कधी माणूस उगाच चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. बाबांनी साखर खाल्ली हे उत्तम केलं. तीन चमचे साखर किंवा तेवढाच गूळ पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि बरं वाटलं की भाकरी-वरण खायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. हे ग्लिमेपिराइडचं आणि इन्सुलिनचं काम आहे, आणि वय वाढलं, मूत्रपिंड मंदावले की हा धोका वाढतो.

म्हणून उपासाच्या दिवसाचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. बरेचदा आम्ही त्या दिवशी ग्लिमेपिराइड कमी करतो किंवा गाळतो. उपास सुटताना भगर आणि साबुदाण्याची खिचडी पोटभर झाली की रात्री शुगर आभाळाला टेकते, तो दुसरा त्रास. एकादशीला मी बहुतेकांना ताक, शेंगदाणे, थोडी भगर आणि सावलीतलं काम एवढंच सुचवते. कोणी ऐकतं, कोणी नाही.

कारल्याचा रस बंद करा असं म्हणत नाही. कारल्याची भाजी तर खुशाल खावी. पण रस घ्यायचा तर रोज एकाच मापाचा घ्या, घरी ग्लुकोमीटर ठेवा, आणि डॉक्टरांना सांगा म्हणजे ते गोळी त्या हिशोबाने बसवतील. आज वाटीभर, उद्या नाही, परवा पेलाभर, अशाने गोळीचा डोस कधीच जमत नाही. मेथीदाणे आणि बेडकीचा पाला, ज्याला गुडमार किंवा मधुनाशिनी म्हणतात, यांनाही हाच नियम.

गुळवेलीबद्दल थोडं जपून. कोविडच्या काळात घरोघर काढे उकळले जात होते, तेव्हा 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. म्हणणं असं की वनस्पती तीच होती का हे नीट तपासलेलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. हा वाद बाजूला ठेवला तरी तुमच्यापुरती गोष्ट सोपी आहे. महिनोन् महिने रोज काढा घ्यायचा तर एसजीपीटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या तपासण्या करा. लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, भूक गेली तर काढा त्याच दिवशी बंद. ज्यांना आधीच यकृताचा किंवा स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होणारा आजार आहे, रूमॅटॉइड संधिवात, ल्युपस वगैरे, त्यांनी गुळवेलीच्या वाटेला जाऊच नये.

घरात आणखी कोणी काही घेत असेल म्हणून आणखी काही जोड्या सांगून ठेवते. जेष्ठमध चघळायची सवय असलेल्याचा बीपी गोळ्या घेऊनही उतरत नाही, कारण जेष्ठमध अंगात मीठ-पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम कमी करतो. खोकल्याला चार दिवस ठीक, रोज नको. फिटच्या आजाराला फेनिटॉइन सुरू असलेल्या पोराला ‘बुद्धी वाढावी’ म्हणून शंखपुष्पीचं सिरप देतात. त्याने फेनिटॉइनची रक्तातली पातळी उतरते आणि फिट पुन्हा येऊ शकतात, हे 1992 मध्येच छापून आलेलं आहे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने अश्वगंधा सुरू केली तर दोन महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी. ईसबगोल चांगली वस्तू आहे, पोट साफ ठेवते, शुगर आणि कोलेस्टेरॉल थोडं उतरवते, पण ती बाकीच्या गोळ्यांनाही पोटात अडकवते. त्यामुळे गोळ्या आणि ईसबगोल यांत दोन तासांचं अंतर हवं, थायरॉइडच्या गोळीशी चार तासांचं. हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू असलेल्याने तर कोणतंही नवं चूर्ण सुरू करण्याआधी आणि नंतर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासल्याशिवाय राहू नये. भाजीतल्या हळदीला या कशातच मोजू नका. प्रश्न हळदीच्या तीव्र कॅप्सूलचा असतो, विशेषतः मिऱ्याचा अर्क घातलेल्या.

भस्मांबद्दल माझं मत कडक आहे. 2004 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शास्त्रोक्त रसौषधी, म्हणजे पारा-धातूंची औषधं, जाणकार वैद्य देतात तेव्हा ती कशी शुद्ध केली, किती दिवस द्यायची, याचा त्यांच्याकडे हिशोब असतो. बाजारातल्या पुडीला असा कोणताच हिशोब नाही. मूत्रपिंड आधीच दुबळे असलेल्या शुगरच्या पेशंटला मी भस्माची परवानगी देत नाही, आणि आमचे वैद्यही त्याला देत नाहीत. यात आमचं भांडण नाही.

आता जोडायचं काय? खरी कमाई इथे आहे, आणि ती गुडघ्यापासून सुरू करू, कारण गुडघे दुखले नसते तर बाबा त्या पुडीपर्यंत गेलेच नसते.

गुडघ्याच्या झिजेवर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू बळकट करणं. ओट्यावर किंवा खुर्चीवर बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, गुडघा ताठ, पंजा आपल्याकडे ओढलेला, मनात दहा आकडे मोजायचे आणि सावकाश खाली. एका पायाला दहा वेळा, मग दुसऱ्याला. दिवसातून तीनदा. पहिल्या आठवड्यात काहीच वाटत नाही, उलट मांडी भरून येते आणि माणूस सोडून देतो. सहा ते आठ आठवडे टिकलं तर जिना चढताना फरक कळतो. सोबत निर्गुडीचं किंवा तिळाचं कोमट तेल हलक्या हाताने चोळायला माझी हरकत नाही, उलट मी सांगतेच. एखादा घरचा माणूस रोज दहा मिनिटं पायाशी बसतो, त्याचाही गुण असतो. दुखणं वाढलं त्या दिवशी वरून लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल किंवा पॅरासिटामॉल. आणि संडासात खुर्चीचा कमोड बसवून घ्या. उकिडवं बसणं टळलं तर अर्धं दुखणं टळतं.

शेक देताना मात्र सावध. आठ वर्षांच्या शुगरने तळपायाची जाण कमी झालेली असू शकते. चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकायची पद्धत घरोघर आहे. चटका बसतोय हे पेशंटला कळत नाही, सकाळी फोड दिसतो, आणि त्या फोडाची जखम पुढे महिनोन् महिने भरत नाही. शेकायचंच असेल तर गुडघ्याला शेका, पावलांना नाही, आणि आधी घरच्या कोणीतरी आपल्या मनगटावर लावून पाहावं. पायाला मुंग्या येत असतील तर बी-बाराही तपासून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की ते कमी होतं, आणि शाकाहारी माणसात आणखीच.

तुमच्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने सांधे, पाठ, मान आखडते आणि ते साध्या सांधेदुखीसारखंच दिसतं. गावात तरुण माणसंही कंबर धरून चालत असतील, पोरांचे दात पिवळे-तपकिरी असतील, तर पिण्याच्या पाण्याचा नमुना तपासायला द्या. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ना पुडी उपयोगाची ना माझी गोळी, आधी पाणी बदलायला हवं.

आणि वेदनाशामक गोळ्या. मेडिकलमधून ‘दुखण्याची एक द्या’ म्हणून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक, वरून टेल्मिसार्टन, आणि वैशाखातलं 45 अंशांचं ऊन. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या दोन गोळ्या एकत्र आल्या की मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब दोन्ही बाजूंनी पडतो. त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर आणखी वाईट. हे सगळं ॲलोपॅथीचंच आहे, हेही सांगून टाकते. धोका फक्त वैदूच्या झोळीत असतो असं नाही. मूत्रपिंडांसाठी रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी तपासा, आणि आता पुडीत काय होतं माहीत नाही म्हणून या महिन्यात तपासाच.

योगाचं मी मनापासून समर्थन करते, पण चमत्कार म्हणून नाही. रोज अर्धा तास चालणं, साधी आसनं, सावकाश श्वास, याने बीपी आणि शुगर थोडी उतरते, झोप सुधारते, आणि माणूस स्वतःकडे लक्ष द्यायला लागतो. मात्र आधी डोळ्याचा पडदा दाखवून घ्या. शुगरने पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर शीर्षासन, जोरकस कपालभाती, श्वास कोंडून धरणं, यांनी आत रक्तस्राव होऊ शकतो. पंचकर्माचा विचार असेल तर विरेचन किंवा लांब लंघन आम्हाला न सांगता करू नका, आणि कोणी शुगरची डापाग्लिफ्लोझिन नावाची गोळी सुरू केली असेल तर अजिबातच नाही. त्या गोळीवर असताना उपाशी राहून जुलाब झाले तर रक्तात आम्ल वाढतं, आणि शुगर फार वाढलेली नसल्याने ते चटकन ओळखूही येत नाही.

खाण्यात ज्वारीबद्दल एक गैरसमज आहे की ती कितीही चालते. चालत नाही. तीन भाकरी आणि भाताचा डोंगर खाल्ला तर शुगर वाढणारच. दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, अंबाडीची किंवा कोणतीही पालेभाजी, जवसाची चटणी, आणि चहा बिनसाखरेचा. एवढं जमलं तरी तीन महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, बोलते.

इथे विदर्भापुरतं एक सांगते, कारण हे मोठ्या शहरातल्या डॉक्टरांच्या लक्षात येतंच असं नाही. आपल्याकडे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलचा आजार असलेल्यांच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे त्यांचं एचबीए1सी खरं असतं त्यापेक्षा कमी येतं. नुसते वाहक असलेल्यांतही काही मशीनवर आकडा चुकतो. घरी कोणाचा एएस (वाहक) किंवा एसएस (आजार) पॅटर्न असेल तर बाबांचाही तपासा. आणि ज्यांना एसएस आहे त्यांच्यासाठी हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध सोडून काढ्यावर जाणं हा खेळ नव्हे. जुलाबाची औषधं आणि निर्जळी उपास यांनी अंगातलं पाणी घटून दुखण्याचा झटका येतो. वरचेवर रक्त चढवलेल्या माणसाला ‘रक्त वाढीसाठी’ लोहभस्म किंवा आयर्नचं टॉनिक द्यायचं नाही, त्याच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं.

गोळ्या बंद कराव्या का? आज नाही. 286 शुगर असताना तर नाहीच. कधीतरी कमी होतील का, तर होऊ शकतात, आणि त्यासाठी कोणत्याही एका पॅथीचं श्रेय लागत नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात, ज्याचा निकाल 2017 मध्ये आला, सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या जाड लोकांचं वजन डॉक्टरी देखरेखीखाली उतरवलं. वर्षभराने 46 टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय ताब्यात होती, आणि 15 किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत 86 टक्के. पण तुमचे बाबा आठ वर्षं शुगरवर आहेत, आणि वावरात राबणारा माणूस बहुधा आधीच सडपातळ असतो. त्याला उतरवायला पंधरा किलो नसतातच. त्यांचा आकडा सुधारेल, गोळी कमी होईल, पूर्ण सुटेलच असं मी लिहून देणार नाही. ‘शुगर मुळापासून घालवतो’ असं जो लिहून देतो तो कायदा मोडतो. 1954 च्या कायद्याने मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायलाच बंदी आहे. टाइप एक मधुमेह असलेल्या पोराचं इन्सुलिन तर कोणाच्याही सांगण्यावरून एक दिवससुद्धा थांबवायचं नाही, जीव जातो.

गांधीजींचं बाबांना असं सांगा. मातीच्या पट्ट्या, उपास, साधं अन्न यांवर त्यांचा खरोखर विश्वास होता, आणि सेवाग्रामात ते इतरांवरही हे उपचार करत. पण 1924 च्या जानेवारीत अपेंडिक्स सुजलं तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनच्या हातून त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. त्यानंतर निसर्गोपचार सोडला नाही, आणि ऑपरेशन लपवलंही नाही.

तुम्ही पुण्यात आहात म्हणून तुमच्यासाठी एकच काम. शंभर पानी वही आणा. डाव्या पानावर जे काही पोटात जातं ते सगळं: गोळ्या, रस, काढा, चूर्ण, मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, गावातल्या डॉक्टरांनी मारलेली सुई. त्या सुईचं नावही विचारून लिहा. उजव्या पानावर आठवड्यातून दोनदा उपाशीपोटी शुगर, एकदा जेवणानंतर दोन तासांची, आणि एकदा बीपी, जो आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मोजून देतील. नवं काही सुरू केलं तर तारीख टाका आणि पुढचे चार ते सहा आठवडे दुसरं काही बदलू नका. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या की गुण कशाचा आणि त्रास कशाचा, हे मलाही कळत नाही आणि वैद्यांनाही नाही. वही फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा. बाबा नाही पाठवणार, पण घरात दहावी-बारावीचं कोणी पोर असेल तर ते पाठवेल.

ही वही वैद्यांनाही दाखवायची. बऱ्याच जणांना वाटतं, गोळ्या सांगितल्या तर वैद्य रागावतील आणि काढा सांगितला तर डॉक्टर. आमच्यातले काही जण रागावतात, खोटं कशाला बोलू. पण शिकलेला वैद्य ‘ग्लिमेपिराइड सुरू आहे’ हे ऐकून औषधाची मात्रा बदलतो, आणि त्याने दिलेल्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि घटक छापलेले असतात. ग्रामीण रुग्णालयात आयुषची ओपीडी असेल तर तिथूनच सुरुवात करा, दोघेही एकाच छताखाली भेटतात. बाजारातल्या जाणकाराला एकच विचारा, ‘यात काय काय आहे, लिहून द्याल का?’ नाही म्हणाला तर ती पुडी घरात यायला नको, आणि तुमच्याकडे उरलेली पुडी एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) जिल्हा कार्यालयात औषध निरीक्षकांकडे तक्रारीसोबत देता येते. मात्र त्याआधी तिचे दोन नमुने फिजिशियनला दाखवायला बाजूला ठेवा.